बॉनेटखाली सापडलेली मोकळी नळी कोणती, हे कसे ओळखावे?

जुनीचारचाकी:

नमस्कार. माझ्याकडे सुमारे ३० वर्षे जुनी, चार सिलिंडरची, कार्बोरेटर असलेली पेट्रोल गाडी आहे. गेल्या रविवारी मी स्वतःच तिचा एअर फिल्टर बदलला. त्यासाठी कार्बोरेटरवर बसणारा पत्र्याचा गोल डबा पूर्ण काढून बाजूला घेतला होता, कारण त्याच्या तळाशी साचलेली माती आणि तेलाचा चिकटा पुसल्याशिवाय त्यात नवा फिल्टर ठेवणे मला पटले नाही. डबा पुसून परत बसवला, वरचा नट आवळला आणि गाडी सुरू केली. तेव्हापासून इंजिनाचा स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालते तो संथ वेग, बिघडला आहे. थंड इंजिन चोक ओढून सुरू केले तर ते व्यवस्थित चालते. मात्र गरम झाल्यावर चोक आत ढकलला की ते थरथरू लागते, आणि सिग्नलला थांबलेलो असताना दोन वेळा बंदही पडले. वेगात असताना कोणतीही तक्रार नाही.

कारण शोधण्यासाठी बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा इंजिनाच्या मागच्या बाजूला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला) लागून एक काळी रबरी नळी लोंबकळताना दिसली. तिचे खालचे तोंड मोकळे आहे आणि त्यात माझी करंगळी जेमतेम शिरेल. तोंडाजवळ क्लिप नाही. वरचे टोक कोठे जाते ते दिसत नाही, कारण मध्ये हीटरच्या नळ्या आणि वायरिंगचा जुडगा आला आहे. ही नळी मी ओढल्याचे मला आठवत नाही. ती ज्यावर बसेल असे रिकामे निप्पलही (नळी सरकवून बसवायचे बारीक तोंड) आसपास दिसत नाही.

ही नळी कोणती असावी आणि ती निसटल्यामुळेच स्लो बिघडला असे समजावे का? गाडीचे मॅन्युअल माझ्याकडे नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला नळ्यांच्या आकृतीचा स्टिकर होता. उष्णतेने तो इतका उडाला आहे की आता त्यावर केवळ चौकट उरली आहे.

सरळरस्ता:

ही व्हॅक्यूमची, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर काम करणारी, नळी असणार यात शंका नाही. फिल्टर बदलल्यानंतर स्लो बिघडला आणि नळी मोकळी सापडली, म्हणजे कारण समोरच आहे. मॅनिफोल्डवर (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या भागावर) किंवा कार्बोरेटरवर जे निप्पल रिकामे दिसेल त्यावर ती बसवा आणि क्लिप लावा. तोपर्यंत गाडी बंद पडू नये म्हणून स्लोचा स्क्रू अर्धा फेरा आत घ्या.

पानापकड:

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि त्याची कारणे सविस्तर देतो, कारण जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही चूक फार वेळा होते. मोकळी नळी आणि बिघडलेला स्लो एकाच दिवशी लक्षात आले, एवढ्यावरून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. स्लो बिघडला म्हणून आपण प्रथमच टॉर्च घेऊन त्या कोपऱ्यात पाहिले असेल. ती नळी तेथे अनेक वर्षांपासून तशीच लोंबकळत असण्याचीही तितकीच शक्यता आहे.

प्रथम आकाराचा विचार करू. इंजिन गरम होऊन स्लोवर चालत असताना इनटेक मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम, समुद्रसपाटीला आणि इंजिन सुस्थितीत असेल तर, साधारणपणे पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांइतका असतो. उंचावर तो दर १,००० फुटांना जवळपास एका इंचाने कमी होतो. इतक्या व्हॅक्यूमला करंगळीएवढे तोंड उघडे मिळाले तर स्लो बिघडत नाही, तो राहतच नाही; इंजिन सुरू झाले तरी पाय काढताच बंद पडते. मॅनिफोल्डवर एवढ्या जाडीची नळी बहुधा ब्रेक बूस्टरची (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या भागाची) असते, आणि ती निसटली असती तर ब्रेकचे पॅडल दगडासारखे कडक झाल्याचे आपण सर्वांत आधी लिहिले असते. ब्रेकबद्दल आपण काही लिहिलेले नाही, तेव्हा ते ठीक असावेत असे मी गृहीत धरतो. तरीही खात्री करून घ्या. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे ते कडक होईल. मग पाय त्यावर तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पॅडल पायाखाली किंचित खाली गेले, तर बूस्टरला व्हॅक्यूम पोहोचत आहे.

हीटरची किंवा रेडिएटरची नळी असती, तर तिनेच आपली ओळख पटवून दिली असती. त्या नळ्यांमधून गरम कूलंट दाबाखाली वाहते आणि ती सुटल्यावर दोन मिनिटांत बॉनेटमधून वाफ येते. पेट्रोलची नळी सुटली असती तर गाडी चाललीच नसती आणि वासाने आपण लांबूनच थबकला असता.

राहिल्या त्या वायुवीजनाच्या आणि निचऱ्याच्या नळ्या, आणि नवशिक्याची खरी फसगत येथेच होते. बॉनेटखालील प्रत्येक मोकळी नळी निसटलेली नसते. काही नळ्यांचे एक तोंड कारखान्यातूनच मोकळे ठेवलेले असते. रेडिएटरच्या झाकणाजवळून निघून खाली जाणारी नळी, जेथे वेगळी टाकी दिलेली नसते तेथे; बॅटरीतील वायू बाहेर नेणारी बारीक नळी; काचेखालच्या जाळीत साचणारे पाणी खाली सोडणारी नळी; एसीच्या आतल्या कॉइलवर जमणारे पाणी गाडीखाली टाकणारी नळी. १९६० च्या दशकापूर्वीच्या बऱ्याच इंजिनांत तर क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातील) वाफसुद्धा अशाच एका मोकळ्या नळीने थेट रस्त्यावर सोडली जात असे. अशा नळीला आपण एखाद्या निप्पलचा आधार मिळवून दिला, तर दुरुस्ती होत नाही, नवा बिघाड जन्माला येतो.

म्हणून नळीकडे पाहून तिचे नाव ओळखण्याचा प्रयत्न सोडून द्या. काळ्या रबराच्या सर्व नळ्या सारख्याच दिसतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, किल्ली काढून, पुढील गोष्टी पाहा आणि येथे लिहा. नळीच्या मोकळ्या तोंडाच्या आत बोट फिरवा. वर्षानुवर्षे निप्पलवर बसलेल्या नळीचे तोंड किंचित फाकलेले असते, आतली कड गुळगुळीत आणि चकचकीत झालेली असते, आणि बाहेरून क्लिपचा गोल वळ उमटलेला असतो. मोकळेच राहिलेल्या तोंडावर असे काही नसते, आणि पुष्कळदा ते तिरके कापलेले असते. नंतर बोटाचा वास घ्या. इंजिन ऑइलचा तपकिरी थर असेल तर ती क्रँककेसच्या वायुवीजनाची. किंचित गोडसर वास आणि चिकटपणा असेल तर कूलंटची. पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोलच्या टाकीच्या किंवा कार्बोरेटरच्या वाफेची. काहीच नसेल, तर तेही लिहा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वरचे टोक शोधा. दिसत नसेल तर हाताने चाचपत जा, किंवा दाढी करायचा छोटा आरसा टॉर्चसोबत धरा. नळी कोठून येते हे कळले की ती कोठे जायची हा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही.

त्यानंतर इंजिन सुरू करून मोकळ्या तोंडावर अंगठा ठेवा आणि ओढ जाणवते का ते पाहा. बाह्या वर सरकवा, गळ्यात काही लोंबते ठेवू नका, पंख्याचा पट्टा कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहून घ्या. गाडीला विजेवर चालणारा पंखा असेल, तर तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो हे विसरू नका.

आणखी एक विनंती. स्लोचा स्क्रू फिरवू नका. फिरवला असेल तर किती फिरवला ते लिहून ठेवा.

टॅपेटकव्हर:

पानापकड यांनी लिहिले आहे त्याला माझ्या मूर्खपणाचा एक दाखला जोडतो. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या गाडीच्या टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून) निघणारी एक नळी एअर फिल्टरच्या डब्यापासून सुटलेली मला आढळली. तिच्या तोंडातून हलकासा धूर फुंकल्यासारखा बाहेर येत होता. मला वाटले, येथून काहीतरी गळत आहे आणि ते थांबवले पाहिजे. मापाचा एक बोल्ट शोधून मी तो नळीत ठोकला, वरून क्लिप आवळली आणि स्वतःवर खूश झालो.

पंधरवड्यात टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून तेल पाझरू लागले. मग पुढच्या ऑइल सीलमधून. एके दिवशी बॉनेट उघडले तर ऑइलची स्टिक आपल्या जागेवरून दोन बोटे वर उचलली गेलेली, आणि तिच्याभोवती तेलाचे शिंतोडे. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच क्रँककेसमध्ये उतरत असतो; त्याला बाहेर पडायची वाट मी बंद केली होती, म्हणून तो मिळेल त्या फटीतून निघत होता. बोल्ट काढला, नळी फिल्टरच्या डब्यावर तिच्या जागी बसवली आणि स्टिक पुन्हा कधी उचलली गेली नाही. गॅस्केट आणि सील मात्र बदलावे लागले.

तेव्हा नळीचे काम समजेपर्यंत ती कोठे जोडूही नका आणि बुजवूही नका. सरळरस्ता यांनी सुचवल्याप्रमाणे चुकीच्या निप्पलवर बसवण्याचा धोकाही कमी नाही. कार्बोरेटरवरची सगळी निप्पले एकसारखी नसतात. काहींना स्लोवरही पूर्ण व्हॅक्यूम मिळतो, तर काहींची भोके थ्रॉटलच्या पाकळीच्या (ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या पडद्याच्या) किंचित वर असल्यामुळे ॲक्सिलरेटर दाबल्यावरच त्यांना व्हॅक्यूम मिळतो. डिस्ट्रिब्यूटरची (स्पार्क प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाची) नळी दुसऱ्या प्रकारच्या निप्पलसाठी आखलेली असताना पहिल्या प्रकारच्या निप्पलवर बसवली, की स्लोवरच इग्निशनचे टायमिंग पुढे सरकते आणि इंजिनाचे फेरे वाढतात. मग मालक स्क्रू फिरवून ते कमी करतो, आणि मूळ दोष कोणता हे शोधणे दुप्पट अवघड होऊन बसते.

सरळरस्ता:

मान्य आहे. मी घाईने लिहिले. मात्र हवा कोठून आत जाते हे शोधण्याचा एक जलद उपाय आहे. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या सांध्यांवर आणि नळ्यांवर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारत जायचे. जेथे मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलेल, तेथे गळती. मी अनेकांना असे करताना पाहिले आहे.

पानापकड:

उपाय खरा आहे आणि तो चालतोही, पण घरच्या घरी करणाऱ्याला मी तो सांगत नाही. त्या डब्यातील द्रव अत्यंत ज्वालाग्राही असतो. जुन्या चार सिलिंडरच्या अनेक इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक बसवलेले असतात, त्यामुळे वर मारलेला फवारा खालच्या तापलेल्या लोखंडावर पडतो. स्पार्क प्लगकडे जाणारी जुनी हाय टेन्शन वायर कोठेतरी ठिणगी सोडत असेल तर विचारायलाच नको. साबणाचे पाणी बाटलीने थोडे थोडे शिंपडूनही हेच कळते. गळतीवर पाणी पडले की सूं असा आवाज क्षणभर थांबतो किंवा बदलतो.

त्याहूनही सोपे म्हणजे हातभर लांबीचा रबरी नळीचा तुकडा घ्या. एक टोक कानाशी धरा आणि दुसरे टोक इंजिनावर एकेका जोडापाशी हळूहळू न्या. पंख्याचा, टॅपेटचा आवाज बाजूला पडतो आणि जेथून हवा ओढली जाते तेथे नळीच्या तोंडाशी फुत्कार स्पष्ट ऐकू येतो. टोक पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवायचे, एवढीच काळजी.

जुनीचारचाकी:

सर्वांचे आभार. आज सकाळी इंजिन थंड असताना एकेक गोष्ट तपासली.

ब्रेकची चाचणी केली; इंजिन सुरू होताच पॅडल पायाखाली किंचित बसले. मोकळ्या नळीचे तोंड तिरके कापलेले आहे. आत बोट फिरवले तर कोठे फाकलेले किंवा चकचकीत लागले नाही, आणि बाहेर क्लिपचा वळही नाही. तेल नाही, कोणताही वास नाही. थोडा मातकट ओलावा मात्र होता. वरचे टोक आरशात पाहिले, तर ते इंजिनाकडे जातच नाही. फायरवॉलमधून बाहेर आलेल्या एका कोपरासारख्या वाकलेल्या तुकड्यावर ते बसवलेले आहे. इंजिन सुरू करून अंगठा लावला, पण ओढ अजिबात जाणवली नाही. नंतर सहज म्हणून एसी लावून दहा मिनिटे गाडी उभी ठेवली, तर त्या तोंडातून स्वच्छ पाण्याचे थेंब पडू लागले.

म्हणजे ही नळी निर्दोष आहे, असे दिसते. मग स्लो का बिघडला, हा प्रश्न जेथल्या तेथेच राहिला. स्क्रू मी कालच पाऊण फेरा आत घेतला होता, हे कबूल करतो.

पानापकड:

ती एसीच्या पाण्याच्या निचऱ्याची नळी आहे आणि ती जशी आहे तशीच असायला हवी. तिचा प्रश्न मिटला.

आता आपल्या पहिल्या पत्रातील एका वाक्याकडे परत जाऊ. चोक ओढलेला असताना इंजिन नीट चालते आणि चोक आत गेल्यावर थरथरते, असे आपण लिहिले आहे. चोकमुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. ते वाढल्यावर इंजिनाला बरे वाटते, याचा अर्थ एरवी त्याला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळत आहे. वेगात तक्रार नाही, हेही त्याच्याशी जुळते. स्लोवर थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन घोटभरच हवा घेते, त्यामुळे तीन-चार मिलिमीटरच्या भोकातून येणारी जादा हवासुद्धा त्या घोटाचा मोठा हिस्सा ठरते. पाकळी उघडली की इंजिन इतकी हवा घेऊ लागते की ती जादा हवा त्यात हरवून जाते. तेव्हा कोठेतरी हवा आत जात आहे, हे जवळपास निश्चित. ती करंगळीएवढ्या वाटेने जात नाही, पेन्सिलीच्या शिशाहून थोड्या जाड वाटेने जात आहे.

दुसरे म्हणजे, आपण हात लावला तो एअर फिल्टरच्या डब्याला. मग शोधही तेथूनच सुरू करायला हवा. त्या काळातील बऱ्याच गाड्यांत या डब्याच्या सोंडेत एक झडप असते. इंजिन थंड असताना ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरची गरम हवा एका घडीच्या नळीतून ओढून घेते आणि इंजिन गरम झाल्यावर बाहेरची थंड हवा घेऊ लागते. ही झडप व्हॅक्यूमवर हलते. त्यासाठी डब्याच्या तळाला, खालच्या बाजूने, बटणाएवढा एक उष्णतेचा सेन्सर बसवलेला असतो आणि त्यातून दोन बारीक निप्पले खाली डोकावतात. एकावर मॅनिफोल्डकडून येणारी नळी, दुसऱ्यावर झडपेकडे जाणारी. डबा खाली ठेवताना ही नळी सुटली, तर वरून पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही, कारण डबाच तिच्यावर झाकणासारखा बसलेला असतो.

वरचा नट काढा, डबा चार बोटे उचला आणि खाली टॉर्च मारा. ज्या निप्पलवरून नळी अलीकडेच निघाली आहे ते लगेच ओळखू येते. आजूबाजूला सगळीकडे काळा थर आणि त्यात ते एकच, नळीने इतकी वर्षे झाकलेले असल्यामुळे, स्वच्छ राहिलेले असते. मोकळी नळी शोधण्यापेक्षा असे उघडे पडलेले निप्पल शोधणे मला नेहमी अधिक खात्रीचे वाटत आले आहे. नळ्या लोंबकळतात, दिशाभूल करतात; निप्पल आपली जागा सोडत नाही.

टॅपेटकव्हर:

डबा उचलून ठेवलेला असताना इंजिन चालवून पाहणार असाल, तर कार्बोरेटरच्या तोंडावर हात ठेवू नका आणि वरून वाकून पाहू नका. मिश्रण पातळ असताना इंजिन कधीकधी कार्बोरेटरमधून उलटे भडकते आणि ज्वाला वर येते. तोंड अर्धवट झाकून पाहायचे असेल तर जाड पुठ्ठा वापरा. झाकल्यावर इंजिन सुधारले, तर हवेच्या गळतीला आणखी एक पुरावा मिळतो. चिंधी मात्र जवळही नेऊ नका, ती आत ओढली जाते.

जुनीचारचाकी:

सापडले.

डबा उचलून टॉर्च मारला, तर तळाला अगदी वर्णन केल्याप्रमाणे पांढऱ्या प्लॅस्टिकचा सेन्सर आणि त्याची दोन निप्पले होती. एकावर नळी घट्ट बसलेली. दुसरे उघडे, आणि त्याचा रंग खरोखरच कालच्यासारखा ताजा. त्याची नळी कार्बोरेटरच्या मागे मॅनिफोल्डवर उताणी पडली होती. इंजिन सुरू करून तिच्या तोंडावर बोट ठेवले, तर बोटाची कातडी आत ओढली गेली आणि त्याच क्षणी इंजिन शांत झाले. बोट काढले की पुन्हा थरथर. पुठ्ठ्याची गरजच पडली नाही.

नळीचे टोक कडक होऊन साधारण एक सेंटिमीटर लांब चीर गेलेली आहे. तशीच निप्पलवर सरकवली, तर सैल बसते आणि डबा टेकवताच परत निघते. रविवारीही असेच झाले असावे. चीर गेलेला भाग कापून टाकावा, तर नळी इतकी आखूड होते की ताणल्याशिवाय पोहोचत नाही. नवी नळी घ्यायची, तर कोणती घ्यावी?

पानापकड:

ताणलेली नळी बसवू नका, पहिल्याच आठवड्यात ती पुन्हा सुटेल. नवी घेताना माप जुन्या नळीचे घेऊ नका, कारण तिचे तोंड फाकलेले आहे. निप्पलचा बाहेरचा व्यास मोजा आणि नळीचा आतला व्यास त्याहून किंचित कमी घ्या. भिंत जाड असू द्या, नाहीतर गरम झाल्यावर ती व्हॅक्यूमने चपटी होते. लांबी थोडी जास्त ठेवा, म्हणजे वळणावर ती मुडपणार नाही आणि पुढच्या वेळी डबा उचलताना थोडी ढील मिळेल.

रबराबद्दल एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. व्हॅक्यूमच्या जागी पेट्रोलची नळी चालते, पेट्रोलच्या जागी व्हॅक्यूमची नळी कधीही चालत नाही. कूलंटसाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर पेट्रोल आणि तेल लागले की फुगते आणि मऊ पडते, म्हणून उरलेला तुकडा कोठेही वापरून टाकण्याचा मोह आवरा.

दुसऱ्या निप्पलवरची नळीही त्याच वयाची आहे, तीही आताच बदला. ती पकडीने ओढून काढू नका. इतक्या वर्षांनी प्लॅस्टिकचे निप्पल बिस्किटासारखे ठिसूळ झालेले असते आणि तुटले, तर पूर्ण सेन्सर शोधत फिरावे लागते. ब्लेडने नळीला उभी चीर द्या आणि सालीसारखी सोलून काढा. आणि तो पाऊण फेरा विसरू नका. गळती बंद झाल्यावर स्लो वाढलेला दिसेल.

जुनीचारचाकी:

दोन्ही नळ्या बदलल्या. दुसरी सोलताना तिचेही टोक हातात चुरा होऊन आले. डबा बसवण्यापूर्वी दोन्ही नळ्या हलकेच ओढून पाहिल्या, मग डबा तिरका न करता सरळ खाली उतरवला आणि नट आवळला. गाडी सुरू होताच इंजिन जोरात चालू लागले, तेव्हा स्क्रू पाऊण फेरा बाहेर घेतला आणि ते पूर्वीच्या जागी स्थिरावले. चोक आत ढकलून अर्धा तास उभी ठेवली, एकदाही थरथरली नाही. नंतर गावभर फिरवून आणली, दोन सिग्नलला मुद्दाम थांबलो.

सोंडेतली झडपही आता हलते. थंड इंजिन सुरू केल्यावर ती वर उचललेली दिसली आणि काही वेळाने खाली आली. ही गोष्ट मी या गाडीत प्रथमच पाहिली, यावरून ती नळी रविवारच्या आधीपासूनच अर्धवट गळत असावी असे वाटते.

एकच शंका राहिली. फायरवॉलजवळची ती पाण्याची नळी तशीच सोडून द्यायची, की तिचे तोंड कोठेतरी बांधून ठेवायचे?

टॅपेटकव्हर:

बांधायचे असेल तर इतकेच, की ती एक्झॉस्टच्या पाइपला टेकणार नाही आणि तोंड खालच्या दिशेला राहील. टाय गच्च आवळू नका. ती चिमटली किंवा तोंड मातीने बुजले, तर एसीचे पाणी बाहेर न पडता आत उलटते आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाखालचा गालिचा भिजतो. आपल्याला तिच्यात मातकट ओलावा लागला होता, तेव्हा एकदा मऊ वायर हलक्या हाताने घालून ती आतून साफ करून घ्या.

जुनीचारचाकी:

वायर घातली. चिखलाची एक गोळी निघाली आणि तिच्यामागून पेलाभर पाणी. सीटखालचा गालिचा पाहिला, तो एका कोपऱ्यात ओला आहे. तो उचलून वाळत घातला आहे.